कुत्र्यांचं भीती घालवायचं जॅकेट: दीड वर्ष वापरल्यावर पाचपैकी तीन स्टार

ज्यांना फक्त हो की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. आमची ढमी जॅकेट घालून शांत झाली का? झाली, थोडीशी. पण ज्या दिवशी मला वाटलं की झाली त्या दिवशी ती अजिबात झाली नव्हती. बाकीच्यांनी पुढे वाचा, जरा लांबलंय.

ढमी आमची कुत्री, वय सहा, वजन अठरा किलो, जात विचाराल तर सगळ्या जाती मिळून एक. पिल्लू असताना पोट असं ढमढमीत होतं की नाव तेच पडलं आणि आता गंमत बघा, ढम्म असा कुठलाही आवाज आला की हिचं सगळं अवसान गळतं. ढग, फटाके, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, दार आपटणं. त्यात ढग सगळ्यात वाईट कारण ते तिला आमच्या आधी कळतात, आम्ही निवांत बसलेलो असतो आणि ही उठून बाथरूममध्ये जाते, कमोडच्या मागे तोंड खुपसते आणि मग पंधरा-वीस मिनिटांनी आम्हाला पहिला गडगडाट ऐकू येतो. धापा टाकते, लाळ इतकी की फरशीवर थारोळं, अंग थरथरतं. एकदा आम्ही घरी नव्हतो तेव्हा बाथरूमचं दार वाऱ्याने बंद झालं आणि ही बाहेर राहिली, तर दार खरवडून खरवडून नखातून रक्त काढलं होतं. त्या रात्री मी जॅकेट मागवलं. रडत रडत मागवलेल्या वस्तूचा रिव्ह्यू आहे हा, हे लक्षात ठेवा.

ब्रँड लिहीत नाहीये कारण मी तीन-चार वेगवेगळी हाताळून बघितलीत आणि कल्पना सगळ्यांची एकच आहे, ताणलं जाणारं कापड, छातीला आणि पोटाला गुंडाळायचं, वेल्क्रोने घट्ट करायचं. तान्ह्या बाळाला घट्ट गुंडाळलं की ते निवतं ना, तसंच. टेम्पल ग्रँडिन म्हणून अमेरिकेत बाई आहेत, स्वतः ऑटिस्टिक आणि जनावरांच्या वागणुकीच्या मोठ्या अभ्यासक, त्यांनी तरुणपणी गुरांना आवळून धरायचा पिंजरा बघितला, त्यात काही गुरं शांत होतात हे बघितलं आणि स्वतःसाठी तसलं दाबणारं मशीन बनवलं. अंगावर सगळीकडून सारखा दाब आला की मन शांत व्हायला मदत होते ही कल्पना तिथपासून चर्चेत आहे. म्हणजे अगदीच खुळचटपणा नाहीये. पण विकणारे जे लिहितात ना, पंधरा मिनिटांत भीती गायब वगैरे, ते मात्र वाचून सोडून द्या.

साइजबद्दल एकच सांगते, वजन बघून घेऊ नका. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर टेपने मोजा, आणि कुत्रं उभं असताना मोजा, बसलेलं असताना नाही. आमची मीडियम आणि लार्जच्या बरोब्बर मधे येते, मी लार्ज घेतलं ते पोटाशी ढिलं पडलं, बदलून मीडियम घेतलं. कापडाखाली दोन बोटं सपाट जायला हवीत, मूठ जात असेल तर ते जॅकेट नाही नुसता सदरा आहे. आणि काखेत बघत राहा हो, आमच्याकडे पहिल्या महिन्यात काखेतले केस घासून गेले आणि कातडी लाल झाली, मला दिसलंच नाही कारण वरून सगळं छान दिसत होतं.

आता मुख्य तक्रार. आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी बनवलेल्या वस्तूला वेल्क्रो लावायची आयडिया कोणाची? एकदा समोर यावा तो माणूस. पार्सल उघडलं, ढमी शेपूट हलवत वास घ्यायला आली, मी जॅकेटचा पट्टा ओढला, चर्रर्रर्र, आणि ढमी गेली ती थेट कमोडच्या मागे. आकाश निरभ्र, ऊन पडलेलं, आणि माझी कुत्री भीतीवरच्या औषधाला घाबरून बाथरूममध्ये. नवरा हसून हसून लोळत होता, मला काही हसू आलं नाही.

ते नुसतं अंगाला लावू द्यायला आमचे नऊ दिवस गेले. ही युक्ती आम्हाला ऑनलाइन ट्रेनर ताईंनी सांगितली, त्यांच्याबद्दल खाली लिहिते. जॅकेट जाड टॉवेलमध्ये गुंडाळायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, आत हात घालून एक बोटभर वेल्क्रो हळूच उघडायचं, आणि तो बारीक चर्र ऐकून ढमीने कान टवकारले की लगेच तिला उकडलेल्या चिकनचा तुकडा. एवढंच. दिवसातून दोनदा, पाच-सहा वेळा, संपलं. मग टॉवेल काढायचा, मग त्याच खोलीत, मग तिच्या जवळ, मग अंगावर ठेवून. वाचायला कंटाळवाणं वाटतं आणि करायला त्याहून कंटाळवाणं आहे. पण नवव्या दिवशी तिने स्वतः मान पुढे केली. मी त्याला जॅकेटचं यश समजले. ते चिकनचं यश होतं हे कळायला अजून एक पावसाळी रात्र जावी लागली.

ती रात्र अशी. पहिलं मोठं वादळ, जॅकेट घातलेलं, ढग सुरू झाले आणि ढमी बाथरूममध्ये गेलीच नाही. हॉलच्या मधोमध उभी. धापा नाहीत, थरथर नाही, काही नाही, पुतळ्यासारखी शांत. मी व्हिडिओ काढला, फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, 'बघा चमत्कार', सगळ्यांचे अंगठे आणि हार्ट आले, आणि मी त्या जोशात पाच स्टारचा रिव्ह्यू पण लिहून टाकला होता. तो नंतर काढला.

दोन दिवसांनी ट्रेनर ताईंबरोबर कॉल होता, त्यांना मी कौतुकाने तो व्हिडिओ दाखवला. त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, परत लावा, आणि आवाज बंद करून बघा. बघितलं. त्या म्हणाल्या, आता जीभ बघा. ढमी दर चार-पाच सेकंदांनी नाकावरून जीभ फिरवत होती. डोळे बघा. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं, चंद्रकोरीसारखं. शेपूट पोटाखाली चिकटलेली, पुढचा एक पंजा जमिनीपासून बोटभर वर. तुम्ही समोर चिकन धरलंय ते बघा, ती त्याचा वास तरी घेते का? नाही घेतला. मी सतरा वेळा तो व्हिडिओ बघितला होता आणि यातलं काही मला दिसलं नव्हतं.

ताई म्हणाल्या, ती शांत नाहीये, थिजलीये. घाबरलेलं जनावर पळतं, अंगावर येतं, नाहीतर थिजतं. आधी तिच्याकडे निदान कमोडची जागा तरी होती, आता अंगाला आवळलेलं कापड, त्यात कसं हलायचं हे तिला शिकवलेलंच नाही, म्हणून ती जागच्या जागी उभी राहिली. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की विचारू नका. मी तिच्या भीतीचा फोटो काढून त्याला चमत्कार म्हणाले होते.

तर हे जॅकेट घेणाऱ्या प्रत्येकाने आधी करायची टेस्ट ही आहे, आणि मी वाचलेल्या एकाही माहितीपत्रकात ती धड लिहिलेली नव्हती: कुठलाही आवाज नसलेल्या साध्या दिवशी जॅकेट घाला आणि बघा. कुत्रं चालतं का, वळतं का, अंग झटकतं का, लोळतं का, खातं का? की आहे तिथेच उभं राहतं? उभंच राहत असेल तर त्याला जॅकेटचाच त्रास होतोय, तेव्हा ते वादळात घालून काय कामाचं. ढमीला आम्ही मग जॅकेट घालून जिना चढवला, सोफ्यावर चढवलं, बॉल आणायला लावला, तीन आठवडे. आणि जॅकेट फक्त ढगांच्या दिवशी घालायचं नाही, नाहीतर जॅकेट दिसलं की आता काहीतरी भयंकर होणार असं समीकरण कुत्र्याच्या डोक्यात बसतं. अधूनमधून छान दिवशी पण घाला, आणि जास्त वेळ ठेवू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं, आणि घाबरलेलं कुत्रं आधीच धापा टाकत असतं, त्यात वरून कापड. एकटं असताना तर अजिबात घालून ठेवायचं नाही.

ताईंनी दुसरं सांगितलं ते म्हणजे आधी डॉक्टरकडे जा. मी म्हटलं, भीतीचा आणि डॉक्टरचा काय संबंध? पण ढमी लहानपणी ढगांना भुंकायची फक्त, ही थरथर आणि लाळ चौथ्या वर्षानंतर सुरू झाली, आणि त्यांना तेच खटकलं. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांचा अभ्यास केला होता, निम्म्यांना हाडास्नायूंचं दुखणं होतं, निम्म्यांना नव्हतं, आणि दुखणं असलेल्यांमध्ये भीती सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा सुरू झालेली आढळली. अंदाज असा की दचकलं की अंग आवळतं, आधीच दुखणाऱ्या सांध्यात कळ येते, आणि मग त्या कळेचा दोष त्या आवाजावर जातो. अभ्यास छोटाच आहे. पण आमच्या डॉक्टरांनी तपासलं तर ढमीच्या मागच्या उजव्या खुब्यात खरंच दुखत होतं, ती गाडीत उडी मारायचं टाळायची त्याला मी आळस म्हणत होते. त्यावर औषध सुरू झालं, वजन दोन किलो उतरवलं. आता भीती किती कमी झाली त्यातला किती वाटा खुब्याचा हे मला मोजता येणार नाही, पण कुठलंही जॅकेट मागवायच्या आधी हे करायला हवं होतं.

आता चिकन. यावर आमच्या घरात महाभारत झालं. आईचं म्हणणं, ती घाबरल्यावर तू खायला देतेस म्हणजे घाबरण्याचं बक्षीसच देतेस, अजून घाबरेल. हे मी पण वर्षानुवर्षं मानत होते, कुत्रं घाबरलं की दुर्लक्ष करायचं, जवळ घ्यायचं नाही, लाड करायचे नाहीत. ताई म्हणाल्या, तुम्हाला विमानात भीती वाटली आणि शेजारच्याने हात धरला तर पुढच्या वेळी हात धरावा म्हणून तुम्ही मुद्दाम जास्त घाबराल का? भीती ही भावना आहे, बस म्हटल्यावर बसणं नाही, ती बक्षिसासाठी केली जात नाही. उलट भीतीच्या गोष्टीला आवडत्या गोष्टीची जोड दिली की भीती सैल होते, हे माणसाच्या पोरावरसुद्धा करून बघितलंय, मेरी कव्हर जोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये लिहिलंय, पीटर नावाचा छोटा मुलगा सशाला घाबरायचा, तर त्याला आवडीचं खायला देत देत ससा थोडा थोडा जवळ आणत गेले आणि शेवटी पोरगं सशाशी खेळायला लागलं. आईला हा ससा पटला. मी चार महिने सांगत होते ते नाही पटलं, ससा पटला.

यात एकच गोष्ट पक्की धरायची, क्रम. आधी आवाज, मग चिकन, लगेच, दोनेक सेकंदांत. उलटं झालं, म्हणजे आकाश काळं झालेलं बघून तुम्ही आधीच चिकन द्यायला लागलात, तर चिकन हीच धोक्याची सूचना होते आणि कुत्रं चिकनला घाबरायला लागतं. हसू नका, आमच्याकडे आठवडाभर झालेलं आहे. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना लाळ कशावर सुटली होती आठवा, आधी आवाज आणि पाठोपाठ खाणं. आणि तिने खाल्लंच नाही तर? तर आवाज तिच्या सहनशक्तीच्या पलीकडे गेलाय, त्या दिवशी ट्रेनिंग नाही. तिला बाथरूममध्ये जाऊ द्यायचं, सोबत बसायचं. आम्ही तिथे तिची गादीच टाकली आणि दाराला अडसर लावला म्हणजे ते बंदच होणार नाही. पूर्वी मी तिला 'काही नाही गं, बघ, काही नाही' करत ओढून बाहेर आणायचे, आता स्वतःचीच लाज वाटते.

ढगांच्या रेकॉर्डिंगचा प्रयोग पण केला. अगदी बारीक आवाजात, इतका की मला ऐकू येईना पण तिचा कान हलायचा. उपयोग झाला पण अर्धाच, कारण फोनच्या स्पीकरमधून ती खालची घरघर येतच नाही जी खऱ्या ढगात छातीत जाणवते, आणि वीज, वारा, ओला वास हे तर नाहीच. शिवाय एका रविवारी नवऱ्याने 'आता झाली की सवय' म्हणून आवाज एकदम मोठा केला आणि आम्ही तीन आठवडे मागे गेलो. एकदम पाण्यात ढकलून पोहायला शिकवायचा प्रकार आहे तो, त्याने बहुतेक वेळा भीती वाढते.

आकडेच हवे असतील तर २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांबद्दल १२२५ मालकांना विचारलं होतं की तुमच्याकडे काय चाललं. आवाज झाला की लगेच खाऊ किंवा खेळ, याला सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी उपयोग झाला म्हटलं. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांना ६९ टक्के. अशा घट्ट जॅकेटांना ४४. आणि फेरोमोन (कुत्र्याला धीर येईल म्हणून विकतात तो वास), जडीबुटी, होमिओपॅथी हे सगळं तीसच्या आसपास. पण मला त्या ४४ वर पण शंका आहे, कारण हे मालकांनी सांगितलेलं आहे आणि ज्या रात्री ढमी पुतळा होऊन उभी होती त्या रात्री मला विचारलं असतं तर मी पण हो, शंभर टक्के उपयोग झाला असंच छातीठोकपणे सांगितलं असतं.

औषधाबद्दल थोडक्यात, कारण ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. आवाजाच्या भीतीसाठी म्हणून खास औषधं आता आहेत, उदाहरणार्थ गाल आणि हिरडीच्या मधे लावायची डेक्समेडेटोमिडिनची जेल, अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने या कामासाठी मान्य केलेलं ते पहिलं औषध. जुनी एक गोळी मात्र अजून सर्रास दिली जाते, एसप्रोमाझिन, तिच्याबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा, कारण ती अंग ढिलं करते पण भीती कमी करते असं नाही, म्हणजे कुत्रं आतून घाबरलेलंच आणि हलता येत नाही. मला लगेच आमचा पुतळा आठवला. ढमीला मोठ्या वादळाच्या रात्री डॉक्टरांनी सांगितलेली वेगळी गोळी देतो, वर्षात पाच-सहा वेळा, आणि मला त्यात आता कमीपणा वाटत नाही.

मग तीन स्टार तरी का दिले? कारण या सगळ्यावरून घातल्यावर जॅकेट थोडं काम करतं, हे मान्य करायला हवं. मागच्या वादळात एकदा जॅकेट घालून आणि एकदा न घालता व्हिडिओ काढला, आवाज बंद करून बघितला, जॅकेटमध्ये ती दोन गडगडाटांच्या मधे डोकं खाली ठेवत होती, न घालता नाही. तेवढाच फरक. डोकं खाली ठेवणं. दीड वर्षांपूर्वी याला मी शून्य मार्क दिले असते, आता मला तो फरक मोठा वाटतो. एक स्टार वेल्क्रोचा कापला, एक त्या पंधरा मिनिटांच्या थापेचा. धुताना वेल्क्रो बंद करून धुवा नाहीतर त्यात केस अडकतात आणि सहा महिन्यांत पकड जाते, आमची एका बाजूची गेलीच आहे, तिथे मी बटणं शिवली.

ट्रेनर ताईंना मात्र पाचपैकी पाच. त्यांनी पहिल्याच कॉलला सांगितलं होतं की पूर्ण बरी होईल असं मी म्हणणार नाही. इतकं खरं सांगणारे शोधा. मारा, ओरडा, गळ्यातला पट्टा खेचा, दोन आठवड्यांत गॅरंटी, असं म्हणणारा भेटला तर फोन ठेवून द्या.

आणि वेल्क्रोचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या नऊ दिवसांत चर्र झालं की चिकन, चर्र झालं की चिकन, असं शंभरेक वेळा झालं होतं. गेल्या महिन्यात बहीण आली, भाच्याने दारात बसून बुटांचे पट्टे उघडले, चर्रर्र, चर्रर्र, आणि ढमी आतून धावत येऊन त्याच्या पुढ्यात टुणकन बसली, शेपूट फरशी झाडतेय, डोळे त्याच्या हाताकडे. 'मावशी, हिला माझे बूट का हवेत?'